अठ्ठावीस पाय

काउंटरवर तिने आधी डबा ठेवला, तो केवळ हात मोकळे व्हावेत म्हणून. त्या दुकानाशी डब्याचा काही संबंध नव्हता. दुकान होतं कानाच्या मशिनांचं. कान-नाक-घशाच्या दवाखान्याला चिकटून असलेलं, एका खोलीचं, एका खिडकीचं. तिला फक्त आईचं मशीन दाखवायचं होतं. दोन दिवस ते शिट्टी मारत होतं, आणि आई म्हणत होती, या वयात मला कोण शिट्टी मारतंय ते तरी बघून ये.

मशीन पिशवीच्या तळाशी गेलं होतं. ते सापडेपर्यंत काउंटरपलीकडचा माणूस डब्याकडे बघत राहिला. ॲल्युमिनियमचा डबा, दोन जाड शब्दकोश एकावर एक ठेवावेत एवढा. झाकणाला हाताने पाडलेली भोकं... सरळ रेषेत, पण यंत्राने पाडल्याइतकी सरळ नाहीत. त्याने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि भोकांतून आत पाहिलं.

"हे कुणी केलंय?"

"बाबांनी."

"सोल्डरिंगवरून माणूस कळतो," तो म्हणाला. "त्यांना सांगा, एकदा मला –"

आणि थांबला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं.

"सांगता येणार नाही," ती म्हणाली. "चार महिने झाले."

अशा वेळी लोक काही ना काही बोलतात. वाईट झालं म्हणतात, वय काय होतं विचारतात. चार महिन्यांत तिने या सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. हा माणूस काहीच बोलला नाही. त्याने भिंग परत कपाळावर चढवलं, आणि जरा वेळाने विचारलं, "बिघडलाय?"

"बिघडत चाललाय."

आताच ती गाण्याच्या यंत्रांच्या मोठ्या दुकानातून येत होती. तिथल्या माणसाने झाकण उघडलंही नव्हतं. घरी केलेल्या वस्तूला आम्ही हात लावत नाही, असं तो म्हणाला होता. जणू कुणी भरवस्तीत रानटी जनावर घेऊन आलं होतं.

तिने आईचं मशीन पुढे केलं. त्याने हात पुढे केला. बोटांना बोटं लागायच्या आतच त्यांच्या मधोमध बारीक 'टक्' झालं, आणि दोघांनीही हात मागे घेतले.

"मी काही केलं नाही," तो म्हणाला.

"मीही नाही."

"तुमच्या शालीने केलंय. हवा कोरडी आहे ना." मग तो जरा गंभीर झाला. "पण हाच चटका आतल्या चिपला बसला असता तर ती मेली असती. आपण नुसते दचकतो."

ती नुसती दचकली नव्हती, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

*

तिचे बाबा जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडत आले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा डबा करायला घेतला, आणि आठ वर्षं ते तो करतच राहिले. डब्याचं काम सांगायला सोपं होतं. गाणं हल्ली आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. डब्यातली एक चिप त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते. तो आवाज चांगला होणं-न होणं बरंचसं तिच्यावर. बाबांना त्या चिपच्या जागी दुसरी, अधिक चांगली चिप बसवायची होती. ती त्यांनी मागवली, ती आली, आणि त्याच सुमाराला त्यांचे हात थरथरायला लागले. चांदीच्या रंगाच्या इवल्याशा पाकिटात ती नवी चिप झाकणाच्या आतून चिकटपट्टीने लावून ठेवलेली होती. तीन वर्षं ती तिथेच होती.

आणि आता जुनी चिप मरत होती.

"गरम झाली की आवाज फाटतो," तिने सांगितलं. "मग बंदच. आधी वीस मिनिटं चालायचा. मग चौदा. काल अकरा."

"मोजता?"

"मोजते."

त्याने झाकणाचे स्क्रू एकेक करून काढले आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवले. तिचं लक्ष तिकडे गेलं. ती एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधक होती. क्रम पाळणारी माणसं तिला चटकन ओळखू येत.

त्याने आतला बोर्ड उलटा केला. खालच्या हिरव्या बाजूवर बारीक टोकाच्या काळ्या पेनने बाबांनी लिहून ठेवलं होतं. सगळीकडे. एका कोपऱ्यात, 'हा आता गप्प बसतो.' दुसरीकडे, 'याला हात लावू नये, चांगला चाललाय.' एके ठिकाणी नुसती तारीख आणि पुढे, 'आज पाऊस, काम नाही.' आणि चिपच्या मागच्या बाजूला तीन बाण. एक, दोन, तीन असे आकडे घातलेले, प्रत्येकापुढे मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी तांत्रिक. नवी चिप बसवताना काय काय बदलायचं त्याची ती टिपणं होती.

तिने ते लिखाण कधी पाहिलं नव्हतं. डबा तिने कधी उघडलाच नव्हता.

"मी करू शकेन," तो म्हणाला. "पण आधी ऐका. या चिपला अठ्ठावीस पाय आहेत. दोन पायांमध्ये चार केस मावतील एवढी जागा. जुनी काढताना गरम हवा द्यावी लागते. ती एकदा निघाली की परत बसण्याच्या लायकीची राहणार नाही. आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटून आली तर बोर्ड संपला. नवी चिप एकच आहे?"

"एकच. आता ती बनत नाही म्हणे."

"म्हणजे मागे फिरता येणार नाही."

"आणि नाहीच केलं तर?"

 अकरानंतर किती, हे दोघांनाही कळत होतं.

*

चार दिवस ती रोज दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, त्या दुकानात गेली. निमित्त आईच्या मशिनाचं. आज सुटा भाग यायचाय, आज घट्ट बसवून बघू, आज अजून जरा ऐकून बघू. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, एका शिट्टीला एवढे दिवस लागतात?

"खरं म्हणजे दोन मिनिटं लागतात," तो म्हणाला, आणि भिंग डोळ्यावर ओढून घेतलं. भिंगाआड माणसाचा चेहरा लपत नाही, उलट एक डोळा चौपट मोठा दिसतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

घरी एका कानावर भागवणारी आई म्हणाली, लोक कुत्र्याला फिरवून आणतात, माझी लेक डबा फिरवून आणते. आणि त्या कानवाल्याला म्हणावं, मशीन देतोस की मी तिथेच येऊन बसू? तेव्हापासून घरात त्याचं नाव कानवाला पडलं.

रोज संध्याकाळी ती डबा लावायची. आई आतल्या खोलीत असायची. बाबा असतानाही ती आतच असे. तीस वर्षं तिने बाबांच्या या नादाला 'तुमची खुडबूड' म्हटलं होतं. आवाज फाटला, बंद पडला की मात्र आतून काही वेळ भांड्यांचा आवाजही येईनासा व्हायचा.

दहा मिनिटं झाली. मग नऊ. ज्या दिवशी सात मिनिटांत, व्हायोलिन वर चढत असताना मधेच तुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "काढा."

त्याने तिला शाल काढून लांब ठेवायला सांगितली. मग एक निळा पट्टा तिच्या मनगटाला बांधला. त्याची वळलेली तार भिंतीतल्या अर्थिंगला जोडली. तसाच दुसरा स्वतःच्या मनगटाला.

"आता चटका बसणार नाही," तो म्हणाला.

"कुणालाच?"

"निदान चिपला."

पट्टा बांधताना त्याचं बोट तिच्या नाडीवर जरा जास्तच टेकलं... की तिलाच तसं वाटलं? तिने दिवा धरला. गरम हवेचा झोत चिपच्या चारी बाजूंनी फिरू लागला. रबर तापल्यासारखा वास आला. तो श्वास घेत नव्हता, म्हणून तीही घेत नव्हती. चिमट्याने त्याने चिपला एकदा हलकेच ढोसलं. ती हलली नाही. पुन्हा झोत. पुन्हा ढोसलं. आणि मग दुधावरची साय उचलावी तशी ती उचलली गेली. खाली चौदा आणि चौदा अशा तांब्याच्या पट्ट्या, एकही न दुखावलेली.

दोघांनी एकदमच श्वास सोडला, आणि दोघं एकदमच हसली.

ऑफिसातून फोन आला नसता तर ती थांबली असती. जाताना तो म्हणाला, उद्या आधी मागच्या टिपणांचा फोटो काढू, मग पुढचं. ती हो म्हणून गेली. फोटो त्याच क्षणी काढायला हवा होता, हे दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती आत आली तेव्हा तो उभा होता.

"बसायच्या आधी ऐकून घ्या," तो म्हणाला. "माझ्या हातून चूक झाली."

तिने आधी बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड धड दिसत होता. नको इतका धड. लखलखीत.

"फ्लक्स, म्हणजे डाख लावतानाचा राळेचा थर, चिकटला होता, तो पुसून काढला. कानाच्या मशिनांना मळ असतो, घाम असतो. काहीही उघडलं की आम्ही दोन्ही बाजू स्पिरिटने धुतो. पंधरा वर्षं तेच करतोय. हात करून गेला... डोकं मागाहून आलं."

त्याने बोर्ड उलटा केला. हिरवा, कोरा.

"सगळं?" तिने विचारलं.

"कोपऱ्यात एक शब्द राहिलाय. 'गप्प'."

तिने वाकून पाहिलं. होता. 'हा आता' गेलं होतं, 'बसतो' गेलं होतं. बाबांचा 'ग', त्याची दांडी नेहमीसारखी जरा लांब.

त्याने माफ करा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला काहीतरी बोलावं लागलं असतं. तिने पिशवी उचलली, शाल उचलली, आणि ती निघून गेली. डबा तिथेच राहिला. रस्ता ओलांडताना तिच्या लक्षात आलं की आपण डबा विसरलो नाही, मुद्दाम ठेवून आलो. अर्धवट उघडा, चिप नसलेला डबा घरी नेऊन काय करणार होती ती?

घरी तिने आईला सगळं सांगितलं. आई वाटाणे सोलत होती. बराच वेळ नुसते वाटाणे भांड्यात पडत राहिले.

"अक्षरच हवं असेल तर ते घरभर आहे," आई म्हणाली. "फ्यूजच्या डबीवर आहे, पंख्याच्या पात्यावर आहे, माझ्या मसाल्याच्या बरण्यांवरसुद्धा आहे. मी पुसलं नाही म्हणून आहे."

"तसं नाही, आई. तिथे ते स्वतःशी बोलत होते."

"हं." आणखी एक शेंग. "त्याने आपणहून सांगितलं?"

"हो."

"त्याला दुसरं काही खोटंनाटं सांगता आलं असतं. शाई उडून गेली, म्हणून." आईने मान वर केली. "आमचं लग्न झालं त्या वर्षी तुझ्या बाबांनी माझ्या माहेरचा रेडिओ दुरुस्त करायला घेतला आणि जाळला. तीन वर्षं सांगितलं नाही. सुटा भाग यायचाय म्हणायचे. तीन वर्षं! मी रोज विचारायचे आणि ते रोज तोंड पाडून बसायचे. शेवटी मलाच दया आली."

तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. आईने ते न पाहिल्यासारखं केलं.

"जा," आई म्हणाली. "आणि माझं मशीन घेऊन ये. दोन मिनिटांचं काम आहे ते, मला माहीत आहे."

*

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा तो जेवत नव्हता. जेवणाचा डबा पुढे ठेवून दोन कागदांकडे बघत होता. जुन्या आणि नव्या चिपची माहितीपत्रकं, त्याने छापून आणलेली. ती आल्याचं बघून उठला.

"तीन बाण होते," ती म्हणाली. "त्यात काय लिहिलं होतं मला आठवत नाही. पण दोन चिपांमध्ये जिथे फरक आहे, तिथेच बाबांनी खुणा केल्या असणार. बरोबर?"

"बरोबर. मी सकाळपासून तेच शोधतोय. मला दोन फरक सापडलेत."

"तुम्ही एकटे वाचताय. आमच्याकडे असं वाचत नाहीत." तिने स्टूल ओढून घेतलं. "एकाने जुना कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नव्यावर बोट ठेवून जुळवायचं. आणि अर्थ लावायचा नाही. अर्थ लावला की डोळा चूक आपोआप दुरुस्त करून वाचतो. नुसतं जे छापलंय ते."

"सगळं?"

"स्वल्पविरामासकट."

तो वाचू लागला. एक – क्लॉक. एक – क्लॉक. दोन – डेटा. दोन – डेटा. त्याचा आवाज आधी कोरडा होता, अपराध्यासारखा. सात-आठपर्यंत तो सैल झाला. नववा पाय: जुन्यात 'म्यूट', नव्यात 'फिल्टर'. तिने समासात तांबडी खूण केली. बारा, तेरा, चौदा... खिडकीतून येणारं ऊन कागदावरून सरकत तिच्या हातावर आलं. सतरावर तो थांबला.

"का थांबलात?"

"तुम्ही बघत होता."

"मी कागद बघत होते."

"कागद खाली आहे."

तिने मान खाली घातली. "सतरा," ती म्हणाली, आणि तिला वाटलं, हा आकडा एवढ्या घोगऱ्या आवाजात आजवर कुणी म्हटला नसेल.

बाविसावा पाय: जुन्यात 'रीसेट', नव्यात काहीच जोडायचं नाही. दुसरी खूण. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. जुळले. यादी संपली.

"दोनच," तो म्हणाला. "मला सापडले तेच."

"तीन होते."

"कदाचित तिसरा बाण दुसऱ्याच कशाचा –"

"तीनचा आकडा बाबा वरून सपाट काढायचे. मी पाहिलाय. तीन बाण, तीन आकडे." तिला आपला आवाज चढल्याचं जाणवलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच. "तुम्हाला वाटत असेल मी हट्ट करतेय."

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंय, मी पुसलंय. खरं तुमचंच धरायचं. काय करू सांगा."

"पुढचं पान वाचा. तळटीपांसकट."

तो वाचत राहिला. तापमान किती, साठवण कशी, लांबी-रुंदी. पाचव्या पानावर, कोष्टकाखाली, सुईच्या टोकाएवढ्या अक्षरात एक ओळ होती. डिजिटल भागाचा वीजपुरवठा, जुन्यात: पाच व्होल्ट. तिचं बोट नव्या कागदावर त्याच ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"तीन पूर्णांक तीन," तिने वाचलं. "चारच्या वर गेल्यास कायमची हानी."

पायाचं नाव दोन्हीकडे एकच होतं. म्हणून दोघांच्या यादीत तो पाय जुळला होता.

तो उठला. मल्टिमीटर आणला, डब्याला वीज जोडली, त्या पट्टीवर टोक टेकवलं. पाच पूर्णांक शून्य दोन. त्याने वीज काढली आणि टोक खाली ठेवलं, फार हळू.

"मी आज बसवून चालू केली असती," तो म्हणाला. "धूरसुद्धा दिसला नसता. नुसती मेली असती."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. दोघंही कागदांकडे बघत बसली होती. तिचा हात अजून त्या तळटीपेवर होता. त्याने आपला हात शेजारी ठेवला, वर नाही, शेजारी. करंगळीला करंगळी लागेल इतका. आज 'टक्' झालं नाही. मनगटाला पट्टेही नव्हते.

"काल तुम्ही परत येणार नाही असं वाटलं होतं," तो म्हणाला.

"मलाही."

"मग?"

"आईच्या रेडिओमुळे आले," ती म्हणाली.

*

उरलेलं काम तीन दुपारी चाललं. पाचाचे तीन पूर्णांक तीन करणारा इवलासा भाग त्याने जुन्या चार्जरमधून काढून बसवला आणि तिला दहा वेळा मोजून दाखवला. ती प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचून घ्यायची. नववा पाय मोकळा केला, बाविसावा सोडून दिला. मग नवी चिप. पाकीट फोडलं तेव्हा दोघांच्याही मनगटांना पट्टे होते, दोन्ही तारा एकाच खिळ्याला. अठ्ठावीस पाय, एकामागून एक. प्रत्येक टाक्यानंतर ती भिंगातून बघून 'हं' म्हणायची, मगच तो पुढच्याला हात लावायचा. एकोणिसाव्याला ती 'हं' म्हणाली नाही. शेजारच्या पायाला सोल्डरचा केसाएवढा पूल झाला होता. तो त्याने पुन्हा काढला.

"तुमच्यासारखी माणसं आमच्या धंद्यात असती तर निम्मी मशिनं परत आलीच नसती," तो म्हणाला.

"मग तुमचं दुकान कसं चाललं असतं?"

"तेही खरं."

चालू करायचं तर घरीच. बाबांचे स्पीकर तिथे होते, कपाटाएवढे, न हलणारे. रविवारी सकाळी तो डबा पोटाशी धरून आला, लहान मूल आणावं तसा. आईने दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि विचारलं, "मशीन आणलंत?"

"आणलंय, काकू."

"शिट्टी?"

"आता मारणार नाही."

"वाईट झालं," आई म्हणाली, आणि आत गेली.

त्याने तारा जोडल्या. तिने प्रत्येक तार एकदा हाताने चाचपून पाहिली. मग बटणावर बोट ठेवून तो थांबला आणि बाजूला झाला.

"तुम्ही दाबा."

तिने दाबलं. आत कुठेतरी एक बारीक टिचकी वाजली. दिवा लागला. आणि काही नाही.

काहीच नाही. फाटका आवाजही नाही, घरघरही नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता. पाच सेकंद. सात. तिच्या मनात आलं, म्हणजे मीच मारली, माझ्या तीन बाणांनी, माझ्या हट्टाने. त्याने तोंड उघडलं, काहीतरी सांगण्यासाठी. आणि त्याच वेळी खोलीच्या मध्यावर, स्पीकरमधून नव्हे, दोन्ही स्पीकरांच्या बरोब्बर मधल्या मोकळ्या जागेतून, व्हायोलिन उठलं.

एवढा वेळ नव्या चिपला जागं व्हायला लागला होता.

तेच गाणं होतं. सात मिनिटांत तुटलेलं. पण आता गज तारेवर टेकायच्या आधीचा वादकाचा श्वास ऐकू येत होता. पियानोवाला किती लांब बसलाय ते कळत होतं. बाबांना हे ऐकायचं होतं. आठ वर्षं ते याच्याकडे एकेक टाका घालत चालले होते, आणि पोहोचायच्या जरा आधी थांबले होते.

पाच मिनिटं झाली. दोघंही घड्याळाकडे बघत नसल्याचं दाखवत होती. सहा. सात. व्हायोलिन वर चढलं, आणखी चढलं, आणि तुटलं नाही.

आई कधी बाहेर आली ते कळलं नाही. कानात मशीन घालून ती दारात उभी होती. मग आत येऊन बाबांच्या खुर्चीत बसली. तिला तिथे बसलेलं लेकीने कधी पाहिलं नव्हतं. अकरा. बारा.

"आता कुणीतरी खोकेल बघ," आई म्हणाली.

आणि दूर, सभागृहाच्या मागच्या रांगेत, कधीकाळी बसलेलं कुणीतरी खोकलं.

लेक आईकडे बघत राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. "आतून काय ऐकू येत नाही असं वाटलं की काय तुम्हाला बापलेकीला?" एवढंच म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, चहा टाकते म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावत स्वयंपाकघरात गेली.

तो हत्यारं आवरू लागला. चिमटा, मीटर, तारेचं भेंडोळं. फार सावकाश आवरत होता, तरी वस्तू मुळातच थोड्या होत्या.

"काम झालं," तो म्हणाला.

"झालं."

"आता वीस वर्षं तरी काही होणार नाही याला."

"हं."

"काकूंच्या मशिनालाही नाही."

 त्याने पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, काहीतरी राहिलंय का ते पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

"उद्या एक वाजता दुकानात आहात?" तिने विचारलं.

"आहे. का? काही वाटलं तर लगेच –"

"काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "तरी येणार आहे." स्वतःचेच शब्द ऐकून तिचे कान तापले, पण अर्ध्यावर थांबणं काय असतं ते तिने जवळून पाहिलं होतं. "हातात काही नसेल माझ्या. चालेल तुला?"

तो पेटीजवळून उठला. पुढे आला. 

"हात तर असेल ना," तो म्हणाला.

तिने तो तेव्हाच पुढे केला.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, कानवाल्याला साखर किती. मग पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, तरी बाहेर दोघांपैकी कुणालाही ऐकू गेलं नाही. शेवटी आईने आपल्या अंदाजाने दोन चमचे साखर घातली, आणि चहा आणखी जरा उकळत ठेवला.